मातीची पुडी

प्रमोदिनीकाकूंनी विडा पुढे केला आणि कुंदाचा हात वर आलाच नाही.

हाताला तिनं सांगितलं होतं, खरंच सांगितलं होतं. अक्षय तृतीयेची दुपार, चैत्रातल्या हळदीकुंकवांपैकी हे शेवटचं, वाळ्याच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलेलं, पितळी पाळण्यातल्या गौरीपुढं कमळासारखं कापलेलं टरबूज, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या हातांत पन्ह्याचे पेले. अशा वेळी कोणी पानसुपारी पुढे केली की उजवा हात आपोआप खोलगट होतो, डावा त्याच्या कोपराखाली येतो, मान जराशी झुकते. हे कुंदाला कोणी शिकवलं नव्हतं, पाढ्यांसारखं ते अंगात जाऊन बसलेलं होतं. आणि आज तोच हात परकराच्या घडीत पडून राहिला, जणू वर्गात उत्तर न आलेल्या मुलीनं मान खाली घालावी तसा. समोर बसलेल्या आईनं नुसतं बघितलं. वकीलवाड्याच्या विमलताईंचं बघणं गल्लीतल्या सगळ्या पोरींना बोलण्याच्या जागी पुरायचं. काकूंच्या बांगड्या एकदा वाजल्या, परत वाजल्या. विड्याच्या टोकाशी लवंग टोचलेली होती. कुंदा त्या लवंगेकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, ही लवंग आहे, नुसती लवंग, हिच्या आत काही नाही, हिच्यात माती नाही.

माती त्या दिवशी पुडीत होती. गुढीपाडवा होऊन दोन दिवस झाले होते, आई अंजनगावला मावशीकडे गेली होती, बाबा कोर्टात, आणि मागच्या खोलीत राहणारी भागीरथाताई आखाड्यात. म्हणजे अख्ख्या घराची मालकीण कुंदा! सकाळच्या शाळेतून येऊन तिनं वरण-भात केला होता, उंबऱ्याशी रांगोळी काढली होती, आणि बैठकीत बाबांच्या आरामखुर्चीवर बसून ती बीजगणित सोडवत होती. खरं सांगायचं तर सोडवत नव्हती, कोणीतरी यावं आणि आपल्याला असं बसलेलं बघावं म्हणून वाट पाहत होती. वर्षापूर्वीची कुंदा असती तर दार लावून घेऊन आत बसली असती. वर्षापूर्वीची कुंदा पुस्तकं छातीशी धरून, खांदे आत ओढून, भिंतीच्या कडेकडेनं शाळेत जायची. मग शाळेत ड्रिलला तात्पुरती बाई म्हणून भागीरथाताई आली, आणि पहिल्याच तासाला तिनं पोरींची रांग डोळ्यांखालून घातली आणि कुंदापाशी थांबली. "काय वं, तुले थंडी वाजून राहिली का एवढ्या उन्हात? खांदे सोड. उभं राहताना जमिनीले सांगायचं, मी आली." सगळा वर्ग हसला होता. कुंदानं खांदे सोडले होते. तेवढंच. पण तिथून पुढं तिचे हात चालताना हलायला लागले, प्रश्न विचारला की वर जायला लागले, सगळ्यांत आधी, कधीकधी उत्तर येत नसतानासुद्धा.

भागीरथाताई तेल्हाऱ्याची. तिचा बाप जानराव पैलवान, मुलगा नाही म्हणून त्यानं मुलीलाच मातीत उतरवलं. तिचा डावा कान पुरीसारखा फुगलेला होता, मनगटं कुंदाच्या दंडाएवढी, आणि हसली की एकदम लहान मुलीसारखी दिसायची. नवऱ्यानं तिला टाकली की तिनं नवऱ्याला टाकला याबद्दल गल्लीत दोन तट होते. ती बाबांकडे अशील म्हणून आली आणि भाडेकरू म्हणून राहिली. मागच्या वर्षी हनुमान जयंतीला अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत तिनं तीन बायकांना चीत केलं आणि वऱ्हाड मल्ल मंडळानं तिला बायकांतली अजिंक्य मल्ल म्हणून जाहीर केलं. पदवी एका वर्षाची. वर्षाच्या आत मंडळाचा विडा घेऊन पुन्हा लढायचं, नाहीतर पदवी गेली. इथपर्यंत सगळं पुरुषांसारखंच. फरक पुढं होता. पुरुष अजिंक्य मल्लाला फेटा, पाचशे रुपये आणि सही-शिक्क्याचा कागद. भागीरथाताईला ओटी. खण, नारळ, तांदूळ, वर एक्कावन्न रुपये, आणि अध्यक्षांचं भाषण की ही आमची लेक आहे, मंडळ हे तिचं माहेर आहे. बाबांनी मंडळाची वही मागवून बघितली होती. पुरुषांच्या कुस्त्या एका पानावर, 'बिदागी' या सदरात. भागीरथाताईची कुस्ती शेवटच्या पानावर, 'करमणूक व इतर खर्च', मंडप आणि बँडवाल्याच्या मध्ये.

"ओटीत काय आलं ते मोजता येत नाई, वकीलसाहेब," ती बाबांना म्हणाली होती. ओसरीवर बसलेली, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं. "कमी हाय म्हनाव तं लोक म्हनतील, माहेरच्या ओटीची घासाघीस करून राहिली. तीनशे द्या, पाचशे नाई मागत मी. पन कागदावर द्या. कुस्तीच्या पानावर लिवा." बाबांना असं काही मिळालं की ते दहा वर्षांनी तरुण व्हायचे. त्यांनी अर्ज लिहिले, एक, दोन, पाच. वऱ्हाड मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष झालेलं, मंडळाची वरची कचेरी नागपूरला की मुंबईला हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मंडळाचे चिटणीस केशवराव दर वेळी म्हणायचे, वरून मंजुरी यावी लागते. वर कोण आहे विचारलं की छताकडे बघायचे. तेव्हा भागीरथाताईनं एवढंच केलं: विडा घेतला नाही. माघात आला, परत पाठवला. फाल्गुनात आला, परत पाठवला. इकडं तिच्या नावाचे कागद अकोल्याच्या भिंतींवर चिकटलेले, तिकिटं खपलेली. आणि पाडव्याच्या दिवशी केशवराव स्वतः येऊन बाबांना म्हणून गेले की बरं, तीनशे तर तीनशे, चार दिवसांत सहीचा कागद आणतो. त्या रात्री भागीरथाताईनं कुंदाला आपल्या वाटणीचे बदाम दिले. सगळेच्या सगळे.

दोन दिवसांनी दुपारी टांगा थांबला. उतरली ती जरीकाठाचं लुगडं नेसलेली, नाकात ठसठशीत नथ, हातात ताट, ताटावर क्रोशाचा रुमाल. "मी आशाबाई," ती म्हणाली, जणू तेवढं पुरे. "भागीरथाबाईच्या घरचं कोनी हाय का?"

आणि कुंदा उठून, ऐटीत, दोन्ही हात हलवत म्हणाली, "मी आहे ना! मी घरचीच!"

मी घरचीच. आत्ता, काकूंचा विडा समोर थांबलेला असताना, तिला ते शब्द परत ऐकू आले. किती छान वाटलं होतं म्हणताना! तिनं पाट मांडला, गुळपाणी दिलं, आई करते तसं पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला. आशाबाईनं हळदकुंकू लावलं, नारळ दिला, विडा दिला. "घे माय. पोरीच्या हातानं घेतलं तं मान वाढते." कुंदानं उजवा हात खोलगट केला, डावा कोपराखाली नेला, मान झुकवली. चैत्रातलं हळदीकुंकू नाकारतं का कोणी? शेवटी एक कागदाची पुडी. उघडली तर आत तांबूस, थंड, ओलसर काहीतरी, हळदीचा आणि तेलाचा वास असलेलं. कुठल्यातरी देवाचा अंगारा असणार. कुंदानं डोळे मिटले, बोटभर घेतलं आणि कपाळाला लावलं. आशाबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि टांग्यात बसताना म्हणाली, "चांगली हायेस वं तू." तिचा आवाज जरा पडलेला होता, हे कुंदाला तेव्हा कळलं नाही. नंतर एके दिवशी, शाळेत बाकावर बसल्या बसल्या, एकदम कळलं.

भागीरथाताई संध्याकाळी आली तेव्हा कुंदा दारात उभी होती, सांगायला उतावीळ. ताईनं पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथंच राहिला. ती कुंदाच्या कपाळाकडे बघत होती. "कोनं लावलं?" कुंदानं सगळं सांगितलं, नथीसकट, टांग्याच्या घोड्यासकट. ताई पायरीवर बसली. आशाबाई मंडळाकडची, आणि ताटातला विडाही मंडळाचाच. आखाड्याची माती कपाळाला लावली की कुस्ती कबूल. विडा ताटातून उचलला की कबूल, तो परत करता येत नाही. हे अख्ख्या तेल्हाऱ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि वकिलाच्या मुलीला, पाचव्या इयत्तेपासून पहिला नंबर असलेल्या मुलीला, ठाऊक नव्हतं. ताईनं आपला पदर थुंकीनं ओला केला, तिचं कपाळ पुसलं, मुळीच जोर न लावता. "चल, भाकर टाक," म्हणाली. "भूक लागली."

बाबा मात्र खूश झाले! कोर्टातून आले, ऐकलं, काळा कोट न काढताच पुस्तक उघडलं. कुंदा पंधरा वर्षांची, कायद्यानं अज्ञान, अज्ञानानं दिलेली कबुली कबुलीच नाही. "भागीरथाबाई, एका नोटिशीत उडवतो." ताईनं मान हलवली. "आखाड्यात वय नाई विचारत, वकीलसाहेब. अन् मी काय सांगू तिथं? का माह्या घरच्या पोट्टीचा शब्द, शब्द नाई?" माह्या घरच्या. बाबांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ते केशवरावांकडे कागद मागायला गेले, तर केशवरावांनी अगदी आदरानं चहा पाजला आणि म्हणाले, "विडा तं घेतला ना बाईनं. मंग कागद कायले?"

काकूंच्या ओठांवरचं हसू आता नुसतंच तिथं राहिलं होतं, माणूस निघून गेल्यावर राहिलेल्या छत्रीसारखं. कोणीतरी म्हणालं, घे गं. कुंदाला पन्ह्यातल्या वेलचीचा वास आला आणि त्याच्या मागून, अजिबात बोलावलेला नसताना, अकोल्याच्या मातीचा. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली माती, चार हजार माणसांच्या घामाच्या मधोमध. हनुमान जयंतीची उन्हं कलती होती. नागपूरची शकुन म्हणून जी लढायला आली होती ती जेमतेम विशीची, तिला येण्याजाण्याचं भाडं आणि पंधरा रुपये मिळणार होते. सलामी देताना तिनं भागीरथाताईच्या पायाला हात लावला होता. कुंदा बाबांबरोबर दोरीशी उभी होती, हातात घडी केलेलं हिरवं लुगडं. ते तिचं काम होतं. बाई मल्ल जांघ्या आणि बंडीत लढते, तिला पदर नसतो, आणि ओटी तर पदरात घ्यायची असते. म्हणून कुस्ती संपली की घरच्या बाईनं आत जाऊन तिच्या खांद्यावर लुगडं टाकायचं, पदर तिच्यापुढं पसरून धरायचा. "घरची तूच," ताई सकाळी म्हणाली होती. कुंदाला रडू आलं होतं, आणि त्या रड्याच्या आत एक बेत तयार झाला होता.

एकोणीस मिनिटं. कुंदाला कुस्तीतलं फार कळत नव्हतं, तिला फक्त ताईचा उजवा गुडघा दिसत होता. तो वाकला की कुंदा हातातलं लुगडं आवळून धरायची. अकराव्या मिनिटाला शकुननं खाली शिरून पट काढला, पाय ओढला आणि ताई त्या गुडघ्यावर पडली, लोक ओरडले, मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी झाली बाप्पा!" मग खूप वेळ नुसता श्वास. आणि मग अचानक शकुन हवेत होती, धोब्यानं कपडा आपटावा तशी ताईच्या खांद्यावरून आली आणि पाठीवर पडली, आकाशाकडे बघत. बँड वाजला. ताईनं आधी शकुनला हात देऊन उठवलं. पदवी राहिली होती! आणि कर्ण्यातून अध्यक्षांचा आवाज: आमची लेक, हे माहेर, ही ओटी.

कुंदा मातीत उतरली. माती पायाला इतकी मऊ लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं ताईच्या खांद्यावर लुगडं टाकलं, अंगातून वाफ येत होती, पदर पुढं घेऊन दोन्ही हातांनी पसरला. समोर आशाबाई ताट घेऊन. आशाबाई तिच्याकडे बघत नव्हती. बडनेऱ्याहून निघाल्यापासून कुंदानं गाडीत सगळं पाठ केलं होतं. पदर सोडून द्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ही ओटी नको, आमचा कागद द्या, कुस्तीच्या पानावर लिहा. खांदे सोडून, जमिनीला सांगून. आशाबाईनं तांदूळ टाकले, खण टाकला, पाकीट टाकलं, नारळ उचलला, आणि कुंदानं पदर सोडला.

शब्द आले नाहीत. एकही आला नाही. नारळ धप्पकन मातीत पडला, गडगडत दोन हात गेला. तांदूळ सांडले. मागून कोणीतरी ओरडलं, "पोट्टीचा हात सुटला!" आणि चार हजार माणसं हसली. रागानं नव्हे, प्रेमानंच हसली, लग्नात करवलीच्या हातून कलश पडला तर हसतात तशी. अध्यक्षसुद्धा कर्ण्यातून हसले. "वकिलाची पोरगी हाय, तिले वजनाची सवय नाई!" कुंदा तोंड उघडून उभी होती. आणि भागीरथाताई वाकली. उजवा गुडघा वाकेना, म्हणून डावा टेकून, एक हात मातीत रोवून, सगळ्यांसमोर, ती पुढं सरकली आणि नारळ उचलला. कपाळाला लावला. मग पाकीट. मग खण. मग पडलेले तांदूळ, चिमटीनं, जमतील तेवढे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ते बडनेऱ्याला उतरले. बाबा अमरावतीच्या गाडीची चौकशी करायला गेले आणि बाकावर त्या दोघीच राहिल्या. ताईचा गुडघा कलिंगडाएवढा झाला होता. कुंदा इतकी रडली होती की आता नुसत्या उचक्या येत होत्या. "मी मुद्दाम सोडला, ताई," ती म्हणाली. "माझ्या हातून सुटला नाही. तुम्हाला ती ओटी घ्यावी लागू नये म्हणून."

"मले समजलं," ताई म्हणाली. रुळांकडे बघत. मग, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं, "म्या हात मागं बांधले होते वं. तू पुढं होती, तुले दिसलं नाई. आशाबाईनं नारळ पुढं केला का मी म्हननार होती, नाई. चार हजार मानसात एकदा, नाई. रातभर तेच घोकत होती." ती जराशी हसली. "पन मातीत पडलेला नारळ सोडून नाई येत पैलवान. मारुतीचा दिवस. बापानं शिकवलं ते सुटत नाई."

तेव्हा कुंदाच्या उचक्या थांबल्या. पहिल्यांदा तिनं ताईचा 'हो' परस्पर देऊन टाकला होता. दुसऱ्यांदा 'नाही'. दोन्ही ताईचे होते, आणि दोन्ही वेळा कुंदाचे हात, हे सुंदर हलणारे, सगळ्यांत आधी वर जाणारे हात, मध्ये आले होते. ते हात ताईनंच सोडवले होते. कुंदाला वाटलं, ताई आता ओरडेल. ओरडली असती तर! ताईनं नुसता तिचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उलटा करून पाहिला, नखात अडकलेली माती आपल्या नखानं काढली. "पुढच्या बारीले कोनी काई देलं ना, तं आंधी इचारजो, काहून, कायच्यासाठी. मंग घेजो. घेतल्यावर इचारून काई उपेग नाई."

आठवड्यानं ती तेल्हाऱ्याला गेली, गुडघा बरा होईपर्यंत म्हणून. मागच्या खोलीत एरंडाची वाळलेली पानं राहिली आणि खुंटीवर त्या हिरव्या लुगड्याचा घोळ. ड्रिलच्या तासाला आता शिवणाच्या बाई येतात आणि पोरींना सावलीत बसवून धावदोरा शिकवतात. बाबांनी वही पुन्हा मागवली होती. या वर्षीही शेवटचंच पान, फक्त बँडवाल्याचं नाव तिच्या आधी गेलं होतं.

"कुंदा," आई म्हणाली. आवाजानं म्हणाली, म्हणजे फारच झालं होतं. काकूंचा हात भरून आला होता, विडा धरून धरून. प्रेमळ हात, पिठाचा वास असलेला, या हातानं कुंदाला लहानपणी किती वेळा काय काय दिलं होतं. त्यात काहीही नव्हतं. कुंदाला पक्कं ठाऊक होतं की त्यात काहीही नाही. तिनं मान वर केली. खांदे सोडले. जमिनीला सांगितलं.

"काकू," ती म्हणाली, "काहून?"

बायका हसायला लागल्या. अगं बाई, वकिलांची लेक पक्की वऱ्हाडी झाली की! काहून म्हणे! अगं हळदीकुंकू आहे, काहून काय? काकूसुद्धा हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई हसली नाही. कुंदा वाट बघत राहिली, कोणीतरी उत्तर देईल म्हणून, आणि परकराच्या घडीत तिचा हात तसाच होता, उताणा, रिकामा.